२४० दिवसांचे ‘जर-तर’

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ची. आदल्याच वर्षी औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन २४० दिवसांचा हिशेब आला. बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले, तर सेवा वर्षभर सलग धरायची. मग २३० भरले, तर सेवा तुटली का? तर्कचाचणीतला नेहमीचा सापळा तो हाच: ‘जर’ खोटे ठरले म्हणून ‘तर’ खोटे ठरत नाही. १९६४च्या दुरुस्तीनंतरचे कलम २५-बी पाहा. आजारपण, मंजूर रजा, अपघात, कायदेशीर संप यांनी पडलेला खंड सेवा तोडत नसे. २४० दिवस हा दुसरा दरवाजा होता. कपातीच्या वेळी नोटीस आणि भरपाई मिळणार की नाही, हे चाकणपर्यंतच्या कामगारासाठी या एका ‘तर’वर ठरत असे.