अध्यापकाचे खुले लेखन : प्रस्तावना

पालघरच्या महाविद्यालयाला सोनोपंत दांडेकरांचे नाव आहे. जवळच्याच माहीमचे सोनोपंत पुण्यात तत्त्वज्ञान शिकवत, स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि कीर्तनालाही उभे राहत. त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आजही घरोघर वाचली जाते. वर्गासाठी एक विद्या आणि लोकांसाठी दुसरी, अशी वाटणी त्यांनी केली नाही. ब्लॉग लिहिणाऱ्या अध्यापकांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांचे स्वागत म्हणूनच त्यांच्या नावाने करावेसे वाटते.

खुले लेखन हे संशोधनाचेच काम, की फावल्या वेळचा उद्योग? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मान्य नियतकालिकातल्या शोधनिबंधाला विज्ञानात ८ आणि मानव्यविद्यांत १० गुण आहेत. ब्लॉगसाठी असा ठरलेला आकडा नाही. जयंत नारळीकर मराठीत विज्ञानकथा लिहू लागले तेव्हा त्यांचे खगोलशास्त्रातले नाव आधीच झाले होते; तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापिकेला तो आधार नसतो.

तरीही ब्लॉगवर संशोधन घडते. जानेवारी २००९ मध्ये केंब्रिजचे गणिती टिमोथी गॉवर्स यांनी हेल्स-ज्युएट प्रमेयाच्या घनतारूपाची नवी सिद्धता शोधण्याचे काम आपल्या ब्लॉगवर सर्वांसमोर मांडले. अनेकांनी अर्धवट कल्पना लिहिल्या, एकमेकांच्या खोडल्या, जोडल्या. काही आठवड्यांत वाट सापडली. २०१२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये निबंध आला तो डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक नावाने. छापील निबंधात न दिसणारे फसलेले प्रयत्न तिथे वाचता येतात, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र नोकरी शोधणाऱ्या नवख्या गणितीने त्या सामूहिक नावातला आपला वाटा मुलाखतीत दाखवायचा कसा? या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न मला हाच वाटतो.

आपल्याकडे खुल्या लेखनाला आणखी एक बाजू आहे.  पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, लगत रासायनिक कारखाने आहेत. खाडीच्या पाण्याची तपासणी कशी करतात हे रसायनशास्त्राच्या अध्यापकाने मराठीत लिहिले, तर नमुना भरतीला घेतला की ओहोटीला, असे एखादा मच्छीमार विचारू शकतो. शोधनिबंधाच्या परीक्षकालाही सुचेलच असे नाही, असा तो प्रश्न आहे. नव्या अभ्यासकाने आधी असे प्रश्न गोळा करावेत; पदोन्नतीचे तक्ते त्यानंतर उघडावेत.