ग्लुकोज, जलसंजीवनी आणि मधुमेह : एका संशोधनपरंपरेचा इतिहास

प्रकार-२ च्या मधुमेहात साखरेवर निर्बंध, तर पटकीसारख्या आतड्याच्या जिवाणूजन्य संसर्गात साखरयुक्त जलसंजीवनी हाच मुख्य आधार, असे वैद्यकशास्त्र सांगते. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन उपचारांचा इतिहास मात्र एकमेकांत गुंतलेला आहे.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच्या सेवनाने लघवीतून साखर जाते, हे जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले. १९५९ मध्ये कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी पटकीच्या जंतूंच्या विषामुळे आतड्यात पाणी स्रवते, हे प्रयोगाने सिद्ध केले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथील परिषदेत आतड्याच्या पेशी सोडियम व ग्लुकोज एकत्र शोषून घेतात, हा सिद्धान्त मांडला. पटकीतही ही शोषणक्रिया शाबूत राहते. म्हणूनच मीठ व ग्लुकोज योग्य प्रमाणात घातलेले पाणी प्याल्याने शरीरातील पाण्याची तूट भरून निघते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकी पसरली आणि सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मिश्रण तोंडावाटे दिले. त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले.

सोडियम-ग्लुकोज वाहकाचाच एक प्रकार मूत्रपिंडात असतो. फ्लोरिझिनच्या रचनेवरून त्याला रोखणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे तयार झाली व २०१२ पासून मधुमेहाच्या उपचारात आली. अशा प्रकारे आतड्यात ज्या क्रियेचा आधार घेतला गेला, तीच क्रिया मूत्रपिंडात रोखणे हा मधुमेहावरील उपचार ठरला.

या इतिहासाला व्यावहारिक महत्त्व आहे. साखरेच्या भीतीने मधुमेही रुग्णाने जुलाबात जलसंजीवनी नाकारणे घातक ठरू शकते. २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते व ते सोडियम शोषले जाण्यासाठी आवश्यक असते. रक्तशर्करेची तपासणी मात्र वारंवार करावी लागते. तीव्र जुलाबात निर्जलीकरण व कीटोअम्लता यांचा धोका असल्याने डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने तात्पुरती थांबवली जातात. इन्सुलिन मात्र परस्पर बंद करावयाचे नसते. सारांश, साखर ही मधुमेहीची सर्वकाळ शत्रू नव्हे, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.