युद्धछायाचित्रे, घरगुती (अहिल्यानगर जिल्हा)

युद्धावर गेलेल्या सैनिकाने स्वतः काढलेली, स्टुडिओत काढून घेतलेली किंवा पत्रातून घरी धाडलेली आणि पुढे कुटुंबाने जपलेली छायाचित्रे. डिस्चार्ज बुक, पदके व पत्रांबरोबर ती बहुधा लोखंडी ट्रंकेत राहतात. सैनिक परत आला नसेल तर एखादे चौकटीत बसवून भिंतीवर लावले जाते. लष्कराच्या प्रसिद्धी विभागाची चित्रे येथे तुलनेपुरतीच घेतली आहेत.

पहिले महायुद्ध : मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील कूत हे शहर पडले तेव्हा शरण गेलेल्या फौजेत त्याही होत्या. कॅमेरा शिपायाच्या पगाराबाहेरचा असल्याने या काळातील चित्रे मुख्यतः स्टुडिओतील आहेत : रंगवलेला पडदा, बाजूला तिवई, अंगावर पूर्ण गणवेश. याच वर्षांत नगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत जर्मन नागरिक नजरकैदेत होते आणि १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी तिची पाहणी केली. त्या बंदिवानांची चित्रे हा स्वतंत्र विषय आहे.

दुसरे महायुद्ध : जिल्ह्याचे सर्वांत ख्यातनाम नाव नामदेव जाधव (१९२१–८४) यांचे. जन्म निमज, तालुका संगमनेर. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत ते शिपाई होते आणि कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या, म्हणून काम करीत. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदी ओलांडताना त्यांची तुकडी जवळजवळ नष्ट झाली. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. नंतर मशीनगनची तीन ठाणी एकट्याने निकामी केली. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा वीरांच्या वाट्याला सरकारी छायाचित्रकार आला. त्याच नदीकाठी लढलेल्या इतर शिपायांचे चेहरे मात्र घरच्या ट्रंकांतच शोधावे लागतात. इटलीत दहन झालेल्या भारतीय सैनिकांना थडगी नाहीत. फोर्ली येथील दहनस्मारकावर त्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्या घरी असलेल्या एकुलत्या एका चित्राचे मोल यावरून समजावे.

ब्रिटिश सेनेची दुसरी डिव्हिजन १९४४ मध्ये कोहिमाकडे रवाना होण्यापूर्वी नगर परिसरात सराव करीत होती. नगरचे युद्धकालीन रूप पाहण्यासाठी त्या सैनिकांच्या ब्रिटनमधील घरचे अल्बमही तपासले पाहिजेत.

१९६२, १९६५ व १९७१ ची युद्धे : छोटे कॅमेरे सुलभ झाले, चित्रे वाढली.

पाठीवरचा मजकूर : संग्राहक चित्राचा दर्शनी भाग पाहतात, अभ्यासकाने आधी पाठ पाहावी. तेथे स्टुडिओचा शिक्का, तारीख, कधी रोमन लिपीतील हिंदुस्तानी ओळ, कधी मोडी किंवा बालबोध अक्षरातील नाव सापडते. सेन्सॉरमुळे ठिकाण व पलटण लिहिण्यास मनाई असे, म्हणून टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची खूण आणि पदकांच्या फिती वाचाव्या लागतात. बिल्ल्यावरून रेजिमेंट कळते, पलटण सहसा कळत नाही. कुटुंबात सांगितले जाणारे रणांगण आणि सेवापुस्तकातील नोंद यांत फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवावे.

जतन : चित्राला लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, पाठीवर बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिल वापरावी. काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये, काचेसकटच स्कॅन करावे. फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ती लगेच वेगळी ठेवून तिची प्रत करावी.

संग्रह : नगरचे रणगाडा संग्रहालय (१९९४) वाहनांसाठी प्रसिद्ध आहे, घरगुती चित्रे ही त्याच्या रचनेची मुख्य बाजू नाही. ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाचा भरही जुनी कागदपत्रे व वस्तूंवर आहे. त्यामुळे हा ठेवा आजही मुख्यतः घरोघरीच आहे. ज्यांच्याकडे असे चित्र आहे त्यांनी ते कोणाला देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची प्रत काढावी आणि त्यातील माणसे ओळखणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांकडून नावे, गाव व पलटण आजच लिहून घ्यावी.