माग, हजेरी आणि भाकीत

बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी ओलांडली म्हणजे गोराई हें मच्छीमारांचें गांव लागतें. ज्या धारावी बेटावर तें वसलें आहे, त्याच बेटावर चिमाजी अप्पांच्या वसई-मोहिमेंतील धारावीचा किल्ला होता. साष्टी १७३७ त व वसई १७३९ त मराठ्यांच्या हातीं आली. अशा किनाऱ्यावर पहारा कोणीं व कशाच्या आधारें करावा, हा प्रश्न फार जुना आहे. गुन्हा घडण्यापूर्वींच तो यंत्राच्या साह्यानें ओळखण्याच्या योजना अलीकडे निघाल्यानें त्यास नवें रूप आलें आहे. त्याचा ऐतिहासिक विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेशवाईअखेरची देशावरील पद्धत एल्फिन्स्टन यानें १८१९ च्या अहवालांत नमूद केली आहे. चोरी झाली म्हणजे गांवच्या जागल्यानें पावलांचा माग काढावा. माग शिवेबाहेर गेल्यास तो पुढील गांवास लावून द्यावा. ज्या गांवीं तो थांबेल त्यानें चोर द्यावा, नाहीं तर भरपाई करावी. जागल्या बहुधा महार, रामोशी किंवा भिल्ल असे. या पद्धतींत शोध कृत्यापासून कर्त्याकडे जाई, आणि राखण चुकली तर भुर्दंड राखणाऱ्याच्याच पदरीं पडे. तथापि तिची स्तुति बेतानेंच केली पाहिजे. पहाऱ्याचें ओझें जातीवर होतें, आणि माग जेथें निमाला तेथील निरपराध रयतही दंडास पात्र ठरे. इंग्रजी अंमलांत रखवालीचे हक्क गेलेल्या रामोश्यांतूनच उमाजी नाइकाचें बंड उभें राहिलें. त्यास ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशी झाली.

पुढें मागाची जागा हजेरीनें घेतली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची व्याप्ति १९११ त सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली, आणि जन्म हाच संशयाचा पुरावा झाला. माणसाचें नांव नोंदबुकांत चढलें म्हणजे त्यानें नेमल्या वेळीं हजेरी द्यावयाची. सोलापुरासारख्या ठिकाणीं तर तारेच्या कुंपणांत वसाहती झाल्या. शोध आतां कर्त्यापासून, अद्याप न घडलेल्या कृत्याकडे जाऊं लागला. हा कायदा १९५२ त रद्द झाला, तरी संशयाची संवय गेली नाहीं. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयास, विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानीनें अटक होऊं नये, असें पोलिसांस बजवावें लागलें.

त्याच २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें पोलिसांच्या साह्यार्थ 'मार्वल' ही संस्था स्थापिली. कृत्रिम बुद्धीच्या योगें गुन्ह्यांचें पूर्वानुमान करणें हेंही तिच्या उद्दिष्टांत आहे. आमचे वाचक कागदांचे पारखी आहेत. बखर हातीं आली म्हणजे ती कोणीं, केव्हां व कोणासाठीं लिहिली हें ते प्रथम विचारतात. यंत्र ज्या नोंदींवर शिकतें त्यांसही हाच न्याय लावावा. पोलिसांची नोंद गुन्हा किती झाला तें सर्वस्वीं सांगत नाहीं. पोलिसांनीं कोठें पाहिलें तेंही सांगते. जेथें गस्त अधिक तेथें नोंदी अधिक, आणि नोंदी अधिक म्हणून पुन्हा तेथेंच गस्त, असें हें चक्र आहे. अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीं असलें साधन २०२० त सोडलें; त्याच वर्षीं सांताक्रूझ शहरानें त्यास बंदीच केली.

दुसऱ्या बाजूचीही परीक्षा केली पाहिजे. १९८४ च्या दंगलीनें पोळलेल्या भिवंडींत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. १९९२-९३ त मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. उलट, १९९३ त रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटकें उतरलीं तेव्हां लोक व अधिकारी दोन्हीं जवळच होते. जकात खात्याचे व पोलिसांचे कांहीं लोक पुढें दोषी ठरले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं कफ परेडच्या कोळीवाड्यानजीक उतरलेल्या हल्लेखोरांस मच्छीमारांनीं पाहिलें, पण त्या पाहण्याचा बंदोबस्तास वेळेवर उपयोग झाला नाहीं. शेजार हें ज्ञान खरें, परंतु तें प्रामाणिक हातीं पोंचलें तरच उपयोगाचें.

यावरून आमचें मत असें कीं, गोराईसारख्या गांवीं अनोळखी होडी ओळखणारा डोळा प्रथम मानावा, यंत्र त्याचें मदतनीस असावें. यादींत कोणाचें नांव आल्यास त्याचें कारण त्यास कळावें, तें खोडून घेण्याचा मार्ग असावा, आणि चुकीच्या भाकिताचा जाब कोणी तरी द्यावा. जुन्या मागास निदान जाब होता. हजेरीस तो नव्हता. ज्यांच्या संग्रहीं गांवदप्तरें किंवा वसाहतींच्या हजेरीवह्या असतील त्यांनीं त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. नव्या यादीची परीक्षा करण्यास जुनी यादी हाताशीं असणें अवश्य आहे.