टर्नटेबलसाठी कार्ट्रिज घेताय? आधी घरातल्या रेकॉर्ड्स बघा

गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर टर्नटेबलचे व्हिडिओ वाढलेत. ते बघून अनेकांनी आजोबांच्या कपाटातल्या रेकॉर्ड्स बाहेर काढल्या. काहींनी ऑनलाइन टर्नटेबल मागवलं. मग पुढचा प्रश्न येतो तो कार्ट्रिजचा. 'बेस्ट कार्ट्रिज कोणतं' असं शोधलं की जपान आणि डेन्मार्कच्या कंपन्यांची शंभर नावं समोर येतात आणि डोकं गरगरतं.

पण आपल्याकडच्या घरांत एक प्रश्न त्याच्याही आधी विचारावा लागतो. तुमच्या रेकॉर्ड्स नेमक्या कोणत्या आहेत? चुकीची सुई लावली, तर आवाज खराब येतोच, पण रेकॉर्डही कायमची खराब होते. आणि नाट्यसंगीताची किंवा जुन्या भावगीताची ती रेकॉर्ड पुन्हा मिळेलच याची खात्री नसते.

कार्ट्रिज म्हणजे काय?

टर्नटेबलच्या दांडीला टोनआर्म म्हणतात. तिच्या टोकाला जी छोटी डबी असते ते कार्ट्रिज. डबीच्या खाली एक बारीक नळी असते आणि नळीच्या टोकाला सुई. चांगल्या कार्ट्रिजमध्ये ही सुई हिऱ्याची असते, स्वस्तात बऱ्याचदा नीलमण्याची, म्हणजे सफायरची.

रेकॉर्डवरच्या खाचेच्या दोन्ही भिंती वेड्यावाकड्या असतात. तोच आवाजाचा आकार. रेकॉर्ड फिरली की सुई त्या भिंतींना घासत थरथरते आणि कार्ट्रिज त्या थरथरीची वीज बनवतं. पूर्ण सेटमध्ये रेकॉर्डला स्पर्श करणारी ही एकच वस्तू. महागडा स्पीकर चुकीचा निघाला तर बदलता येतो. सुईने ओरखडलेली खाच भरून येत नाही.

७८ आणि एलपी: फरक किती मोठा आहे?

जुन्या ७८ च्या तबकड्या मिनिटाला ७८ वेळा फिरतात. १० इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं एकच गाणं मावतं. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली. ती मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते आणि एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वाजते. हे जमलं, कारण खाच खूप बारीक झाली.

७८ ची खाच साधारण १५० मायक्रॉन रुंद असते, एलपीची त्याच्या जवळपास एकतृतीयांश. म्हणून सुयाही वेगळ्या. एलपीच्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, तर ७८ च्या सुईची ६५ ते ७५ मायक्रॉन. म्हणजे चौपट.

एलपीची सुई ७८ वर लावली, तर ती खाचेच्या तळाशी जाऊन वर्षानुवर्षांच्या धुळीत खरखरत राहते. ७८ ची सुई एलपीवर लावली तर त्याहून वाईट होतं. ती खाचेत मावतच नाही आणि भिंतींच्या वरच्या कडा खरवडत जाते. एकदा वाजवलं तरी नुकसान होतं.

युरोप-अमेरिकेतल्या परीक्षणांत ७८ चा उल्लेख क्वचितच येतो, कारण तिथे १९५० च्या दशकातच या तबकड्या मागे पडल्या. भारतात मात्र १९६० च्या दशकातही त्या बनत होत्या. इथे बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर निघाली आणि त्या तबकड्यांसाठी आज जगभरचे संग्राहक धडपडतात. त्यामुळे मराठी घरातल्या एकाच कपाटात ७८, एलपी आणि ४५ च्या छोट्या ईपी असं तिन्ही सापडणं नवल नाही.

ओळखायचं कसं?

आधी लेबलवर फिरण्याचा वेग छापलाय का ते बघा. नसेल, तर हातात घेऊन बघा. ७८ जड आणि कडक असते, पडली की कपासारखी फुटते. एलपी आणि ईपी विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या. त्या किंचित लवतात. फक्त आकारावर जाऊ नका, कारण काही एलपीसुद्धा १० इंची होत्या.

७८ ला हा जडपणा येतो तो शेलॅकमुळे. शेलॅक म्हणजे आपला चपडा, लाखेपासून बनलेला. पूर्व विदर्भाच्या जंगलांत पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर जो लाखेचा किडा वाढतो, त्याचीच ही देणगी. चपड्यात दगडाची बारीक पूड मिसळून तबकडी दाबली जायची. याचा एक धडा आजही कामाचा आहे. लाकडाला पॉलिश करणारे कारागीर चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात. म्हणून ७८ ची तबकडी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नका, तिचा पृष्ठभागच विरघळेल. मऊ कोरडा ब्रश पुरे.

कार्ट्रिजचे तीन प्रकार

*सिरॅमिक:* सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये आणि जुन्या पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअरमध्ये हेच असतं. वीज भरपूर तयार होते, त्यामुळे वेगळा फोनो प्रीअँप नसला तरी भागतं. पण सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त असतो आणि टोक बहुधा सफायरचं, लवकर झिजणारं. अनेक जुन्या प्लेअरमध्ये सुई उलटवायची छोटी पट्टी असते. एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. रेकॉर्ड बदलताना ती पट्टी बघायची सवय लावा.

*मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम:* नळीच्या दुसऱ्या टोकाला छोटा चुंबक असतो. तो हलला की शेजारच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज तयार होते, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. भार दोन ग्रॅमच्या आसपास. सर्वांत सोयीची गोष्ट म्हणजे सुई झिजली की फक्त सुईचा भाग ओढून काढायचा आणि नवा बसवायचा.

*मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी:* इथे चुंबक स्थिर आणि वेटोळं हलतं. हलणारा भाग हलका असल्याने बारकावे छान येतात, असं चाहते सांगतात. पण बहुतेक एमसीची वीज अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही कमी असते. जपानी रेडिओ केंद्रांसाठी १९६० च्या दशकात बनलेलं डेनॉनचं डीएल-१०३ आजही मिळतं. त्याचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट आणि भार २.५ ग्रॅम. त्याला एमसी चालवणारा खास प्रीअँप लागतो. सुई झिजली तर घरी बदलता येत नाही, कार्ट्रिजच परत पाठवावं लागतं किंवा नवं घ्यावं लागतं.

सुईचं टोक: गोल की लंबगोल?

गोल टोकाची सुई स्वस्त असते आणि थोडी वाकडी बसली तरी सांभाळून घेते. लंबगोल टोक खाचेच्या बारीक वळणांत जास्त शिरतं, त्यामुळे 'स', 'श' ही अक्षरं स्वच्छ ऐकू येतात. रेकॉर्डच्या शेवटच्या, म्हणजे आतल्या गाण्यात हा फरक जास्त कळतो. त्याहून बारीक घडवलेली टोकं महाग असतात आणि अगदी अचूक बसवावी लागतात.

आयुष्याचा हिशेबही बघा. ऑडिओ-टेक्निका आपल्या गोल सुईचं आयुष्य साधारण ५०० तास, लंबगोलचं ३०० आणि मायक्रोलिनिअरचं १,००० तास सांगते. एक एलपी चाळीस मिनिटांची धरली, तर ३०० तास म्हणजे ४५० एलपी. रोज एक ऐकली तरी वर्षभराहून जास्त चालेल.

जिवतीसारख्या ठिकाणी राहत असाल तर?

जिवती हा चंद्रपूर जिल्ह्यातला, तेलंगणाच्या सीमेवरचा डोंगराळ तालुका. मुंबई-पुण्यात कार्ट्रिज बसवून देणारे जाणकार शोधता येतात. इथे पार्सल आलं की स्क्रू ड्रायव्हर आपल्यालाच हातात घ्यावा लागतो. म्हणून अशा ठिकाणी 'सर्वांत चांगलं' यापेक्षा 'घरी बसवता येईल आणि ज्याची सुई बदलता येईल' हा निकष जास्त महत्त्वाचा. तो लावला की एमसी बाजूला पडतं आणि एमएम उरतं.

त्यातही दोन नावं सुरुवातीला बघण्यासारखी. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनचं टूएम रेड लंबगोल सुईचं आहे. आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट, भार १.८ ग्रॅम. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच डबीला वेगवेगळ्या सुया बसतात. गोल, लंबगोल, मायक्रोलिनिअर आणि ७८ साठी खास जाड सुईसुद्धा. कपाटात दोन्ही प्रकारच्या रेकॉर्ड्स असतील, तर एक डबी आणि दोन सुया हा हिशेब सोपा पडतो. फक्त ७८ च्या सुईचा भार जास्त असतो, त्यामुळे सुई बदलली की कंपनीने दिलेल्या आकड्यानुसार भारही पुन्हा लावायचा.

जुनं, 'न वापरलेलं' कार्ट्रिज स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. अमेरिकेच्या शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, तेव्हापासून तिचा जुना माल चढ्या भावाने विकला जातो. पण नळीला धरून ठेवणारं रबर डब्यात पडल्या पडल्याही कडक होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आणखीच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात आडव्या रचलेल्या एलपी वाकतात आणि वाकड्या एलपीवर चांगली सुईही उडते. रेकॉर्ड्स उभ्या आणि सावलीत ठेवा.

घेण्याआधी आणि बसवताना

१. टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे का ते तपासा. आजच्या अनेक टर्नटेबलवर फक्त ३३ आणि ४५ असतात. वेगच नसेल तर ७८ ची सुई घेऊन उपयोग नाही.

२. कार्ट्रिज बदलता येतं का ते बघा. काही स्वस्त मॉडेलमध्ये फक्त सुई बदलता येते.

३. अँप्लिफायरला 'फोनो' लिहिलेली जागा हवी. नसेल तर फोनो प्रीअँप घ्या. त्याशिवाय आवाज अगदी बारीक आणि पोकळ येतो.

४. चार तारांचे रंग जुळवा. पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या.

५. भार डिजिटल काट्यावर मोजा. छोटा काटा ऑनलाइन मिळतो. 'कमी भार म्हणजे रेकॉर्ड सुरक्षित' हा गैरसमज आहे. भार कमी पडला तर सुई खाचेत उड्या मारते आणि प्रत्येक उडीला भिंतीवर आपटते. कंपनीने दिलेल्या मर्यादेतच राहा.

६. ग्रामोफोनच्या लोखंडी पिना विनाइलवर कधीच लावू नका. त्या फक्त चावीच्या ग्रामोफोनसाठी होत्या आणि तिथेही प्रत्येक बाजूनंतर बदलायच्या असत.

७. नवी सुई पहिल्यांदा लाडक्या रेकॉर्डवर लावू नका. आधी एखादी कमी महत्त्वाची रेकॉर्ड वाजवून बघा. आवाज फाटत असेल तर थांबा आणि भार, तारा, सुईचा कोन पुन्हा तपासा.

थोडक्यात

घरात फक्त एलपी आणि ईपी असतील, तर लंबगोल सुईचं साधं एमएम कार्ट्रिज पुरेसं आहे. ७८ पण असतील, तर सुया बदलता येणारं एमएम आणि सोबत ७८ ची वेगळी सुई घ्या. सूटकेस प्लेअर असेल, तर त्यावर किमती रेकॉर्ड्स वारंवार वाजवू नका. पैसे कमी असतील, तर महागड्या कार्ट्रिजऐवजी योग्य मापाची नवी सुई आणि भाराचा काटा आधी घ्या. आजोबांच्या रेकॉर्ड्स जपायला तेवढं पुरतं.