वाचा, पण जमू नका

शाळेवाचून एखादा देश वाचायला शिकेल काय? स्वीडन शिकला. प्रत्येक चर्चच्या हद्दीत शाळा हवी, असा कायदा तेथे १८४२ साली झाला. त्याच्या पुष्कळ आधीपासून तेथील शेतकरी, गडी, मोलकरणी छापील मजकूर वाचीत होते. शिकविणारे घरचेच.

ह्याचे मूळ मार्टिन लूथरपाशी आहे. १५२९ सालच्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत त्याने घरधन्यालाच शिक्षक केले. बायबलातल्या दहा आज्ञा मुलांकडून नुसत्या घोकून घ्यावयाच्या नाहीत. प्रत्येकीचा अर्थ काय, हे त्यांना विचारावयाचे. पुढे १६८६ च्या चर्च-कायद्याने स्वीडनमध्ये मुलांनी व नोकरांनीही वाचायला शिकावे आणि देवाची आज्ञा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, असे ठरविले. मग पाद्री परीक्षेला येई. आसपासची कुटुंबे एका घरी बसत, आणि धन्यापासून गुराख्याच्या पोरापर्यंत सर्वांना प्रश्न विचारले जात. वाचन कसे, पाठांतर किती, अर्थ समजला काय, ह्याच्या खुणा वहीत होत. प्रश्नोत्तरी न येणाऱ्याचे लग्न अडे. त्या धाकाने किती तरण्या पोरांनी अक्षरओळख करून घेतली असेल, देव जाणे! संपूर्ण बायबल महाग. पुष्कळ घरांत प्रश्नोत्तरी आणि स्तोत्रांचे पुस्तक एवढीच ग्रंथसंपत्ती. लिहिणे मात्र ह्या शिक्षणात नव्हते. हुकूम समजून घ्यायला लेखणी लागत नाही, असा हिशेब असावा.

आता खरी मौज पाहा. घरच्या मंडळींनी मिळून वाचावे, ही आज्ञा. पण पाद्र्यावाचून शेजारीपाजारी जमून तेच पुस्तक वाचू लागले, तर १७२६ च्या हुकुमाने तो गुन्हा! दंड, तुरुंग, शेवटी हद्दपारी. हा हुकूम १८५८ पर्यंत, म्हणजे १३२ वर्षे टिकला. आम्ही युनियनची माणसे. जमावबंदीचे हुकूम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून त्याचा रोख आम्हांला चटकन कळतो. चुलीजवळ बापाने मुलाला अर्थ विचारला तर सरकारला चिंता नाही. तोच प्रश्न चार घरच्या माणसांनी एकमेकांस विचारला की पाद्र्याचा मक्ता जातो.

तरी लोक जमतच. त्यांना ‘वाचक’ असेच नाव पडले होते. एरिक यान्सन ह्याच्या हेल्सिंगलंड प्रांतातील अनुयायांनी तर बायबल तेवढे पुरे म्हणून १८४४ साली लूथरचेच ग्रंथ जाळले, आणि १८४६ पासून अमेरिकेत इलिनॉय राज्यात बिशप हिल ही वसाहत उभारली. ग्रंथ जाळणे आम्हांला पसंत नाही. पण लूथरच्या प्रश्नोत्तरीवर वाढलेल्या पोरांनी लूथरलाच चुलीत घालावे, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

१८८१ साली ऑगस्ट पाल्म नावाच्या शिंप्याने माल्मो शहरी समाजवादावर व्याख्यान दिले. १८९८ साली तेथील कामगार संघटनांचा मध्यवर्ती संघ झाला. बायबलातून युनियन निघाली, असे आम्ही म्हणत नाही. चर्चवाले आणि समाजवादी ह्यांचे तेथे खटकेही पुष्कळ उडाले. पण त्या कामगारांपुढे पत्रक ठेवले की ते वाचले जाई. आमच्या जुन्या सोबत्यांना गिरणीच्या दरवाज्यावर पत्रक वाटून शिवाय ते मोठ्याने वाचून दाखवावे लागे.

पाद्र्यांच्या त्या वह्या स्वीडनच्या दप्तरखान्यांत आजही जपलेल्या आहेत. त्यांत घराघराच्या पानावर धन्याच्या खाली मोलकरणीचे नाव, आणि तिला वाचनात पडलेल्या खुणा.