वाशिमचे ताम्रपट आणि बाबांचा पासवर्ड

माझे बाबा वाशिम जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. दर जुलैत ते फॉर्म १६ घेऊन एका ओळखीच्या माणसाकडे जायचे, ७०० रुपये द्यायचे आणि रिटर्न भरून यायचे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर. "बाबा, हे घरी फुकट भरता येतं," असं मी दोन-तीन वर्षं सांगत होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं: "आपल्याले त्यातलं काय समजते? देऊन टाकू त्याले सातशे."

२०२५ च्या जुलैत ते एकदाचे तयार झाले. मी लॅपटॉप उघडला, पॅन टाकला आणि पासवर्ड विचारला. बाबांना तो माहीतच नव्हता. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेलसुद्धा त्या माणसाचा होता.

आपला हिशेब दुसऱ्याच्या हातात ठेवायची ही सवय आली कुठून?

आमच्या वाशिममध्ये करांचा लेखी पुरावा सुमारे सोळाशे वर्षं मागे जातो. वाशिम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. १९३९ मध्ये इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट सापडले आणि वाकाटकांची ही वेगळी शाखा अभ्यासकांना कळली. वा. वि. मिराशींनी त्यांच्या संपादनात भाग घेतला. ताम्रपटांत एका गावाचं दान नोंदवलं आहे आणि त्या गावाला कोणकोणत्या देण्यांतून सूट आहे, याची यादी दिली आहे. असा ताम्रपट दान मिळालेल्याच्या घरी राहायचा. उद्या कुणी अधिकारी वसुलीला आला, तर दाखवायला पुरावा आपल्याच हातात.

साध्या शेतकऱ्याकडे असं काही नव्हतं. पुढच्या काळात गावचा सारा पाटील गोळा करायचा आणि हिशेब कुलकर्णी किंवा पटवारी लिहायचा, तोही मोडीत. ज्याच्या नावावर बाकी निघायची, त्यालाच ती बहुतेक वेळा वाचता येत नसे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या अक्षरशत्रू असण्याचा फायदा कोण घेतं, हा त्यातला एक मुख्य मुद्दा आहे.

प्राप्तिकर त्याआधीच आला होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांच्या तिजोरीला खड्डा पडला, तो भरायला जेम्स विल्सनने १८६० मध्ये हा कर लावला. १८८६ च्या कायद्याने शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं आणि केंद्राच्या प्राप्तिकरातली ही सूट आजही आहे. त्यामुळे कापूस-सोयाबीनच्या आमच्या जिल्ह्यात रिटर्न हा शब्द घरात आला तो नोकरी किंवा दुकानासोबत. व्यापाऱ्याकडे मुनीम होता. नोकरदाराने फॉर्म भरून देणारा शोधला. त्यात चूक काही नव्हती. फॉर्म किचकट, भाषा इंग्रजी आणि विचारायला जवळ कुणी नाही.

हे चित्र २००६ पासून बदलायला लागलं. त्या वर्षी कंपन्यांना ई-फायलिंग सक्तीचं झालं, मग हळूहळू सगळ्यांसाठी आलं. सुरुवातीला ऑनलाइन भरूनही सही केलेली पावती पोस्टाने बंगळुरूला पाठवावी लागायची. २०१५ पासून आधारच्या ओटीपीवर काम व्हायला लागलं. २०२१ मध्ये वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस सुरू झालं, त्यात बँकेचं व्याजही दिसतं. आज पगार आणि थोडं व्याज एवढंच उत्पन्न असेल, तर सरकारी पोर्टलवर बरेचसे आकडे आधीच भरलेले असतात. आपण ते फॉर्म १६ शी ताडून बघायचे. पैसे शून्य.

बाबांचा पासवर्ड आम्ही आधार ओटीपीने बदलला, नंबर आणि ईमेल त्यांचा टाकला. मग आधीच्या वर्षीचं रिटर्न उघडलं. त्यात एका राजकीय पक्षाला देणगी दाखवली होती. बाबांनी आयुष्यात कुठल्या पक्षाला दमडी दिलेली नाही. 'तो माणूस रिफंड बरोबर काढून देतो' अशी त्याची ख्याती का होती, ते तेव्हा कळलं. त्याच महिन्यात, १४ जुलैला, प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या वजावटींवर देशभरात १५० ठिकाणी तपासणी सुरू केल्याचं जाहीर केलं होतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ओटीपी त मीच सांगतला होता त्याले."

खरं होतं. माहिती कुणीही भरो, कायद्याने रिटर्न बाबांचंच. २०२२ पासून चुकलेलं रिटर्न सुधारून भरायची सोय आहे. आम्ही ती वापरली. कर, व्याज आणि त्यावर २५ टक्के जादा भरले. सातशे-सातशे करून जेवढे गेले होते, त्याहून ही रक्कम मोठी होती.

त्या वर्षी मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली होती. नवं रिटर्न बाबांनी स्वतः भरलं, मी फक्त शेजारी बसलो. दीड तास लागला. एआयएसमध्ये त्यांना स्वतःच विसरलेल्या एका एफडीचं व्याज सापडलं.

जमीन विकली असेल, धंदा असेल, तर जाणकार सीएकडे जावंच, त्याचे पैसे वसूल होतात. पण तेव्हाही मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच ठेवा, आणि भरलेला फॉर्म वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

बाबांनी पावतीची प्रिंट काढून सातबाराच्या फायलीत लावली आहे. पासवर्ड मात्र त्यांनी मलाही सांगितलेला नाही.